गोळी न झाडण्याचे मार्क
(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

सबमिशन संपलं त्या शुक्रवारी रात्री आमच्या विंगमध्ये चार लॅपटॉप एका स्विचला जोडले गेले. काउंटर-स्ट्राइक रोजचंच झालंय, म्हणून या वेळी कोणीतरी 'स्वॅट ४' काढला. गेम २००५ चा, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाचा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही सुरळीत पळतो, हा त्याचा हॉस्टेलमधला पहिला गुण.

पहिलंच मिशन एका रेस्टॉरंटचं. आत शस्त्रधारी माणसं आणि त्यांच्यात अडकलेले साधे लोक. आपण पोलिसांच्या विशेष पथकात. आम्ही आमच्या सवयीने दार उघडलं की फायर, असा सपाटा लावला. काही मिनिटांत समोरचे सगळे आडवे, आमचे चौघेही धडधाकट. टाळ्या, शिट्ट्या, रेक्टर सर येतील म्हणून पुन्हा शांतता. आणि मग स्क्रीनवर मार्कशीट आली. 'विनापरवाना बळाचा वापर' या अर्थाच्या ओळी एकाखाली एक, प्रत्येकीपुढे वजा मार्क. शंभरापैकी एवढे कमी, की केटीच बसायची.

माझा रूममेट उठला आणि म्हणाला, "फालतू गेम आहे यार. पोलिसाला गोळीच मारू देत नाही."

सोमवारी हा किस्सा मी मॅगझिनचं काम बघणाऱ्या सरांना सांगितला. ते म्हणाले, "'फालतू' हे मत झालं. परीक्षण लिहून आण, मग छापू." परीक्षण कसं लिहायचं हे मला माहीत नव्हतं. म्हणून आधी या गेमवर जगभरच्या समीक्षकांनी काय म्हटलं ते वाचत सुटलो. त्यातून जे हाती लागलं ते या लेखात आहे. सिनेमाचं परीक्षण आपण रोज पेपरात वाचतो, पण गेमचं परीक्षण हा वेगळाच प्रकार आहे, आणि तो शिकायला 'स्वॅट ४' इतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलं नाही.

आधी गेमची ओळख. पथकात पाच जण. आपण पुढारी, आणि हाताखाली दोन जोड्या, एक लाल आणि एक निळी. एकटे खेळत असलो तर हे चौघे कॉम्प्युटर चालवतो आणि हुकूम आपण द्यायचे: या दाराशी रचून उभे राहा, फट आहे का बघा, कुलूप फोडा, अश्रुधुराचा गोळा टाका, आत घुसा. दाराखालून आत डोकावायला कॅमेरा लावलेली वाकडी दांडी असते. पथकातल्या इतरांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र आपल्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतं. बंदुका आहेतच, पण त्यांच्या बरोबरीने मिरपूड फवारा, अश्रुधूर, विजेचा झटका देणारा टेसर आणि छर्‍याऐवजी छोटी पिशवी मारणारी शॉटगनसुद्धा आहे.

समोर माणूस दिसला की पहिलं काम ओरडून शरण यायला सांगणं. कोणी हात वर करतो, कोणी पळतो, कोणी गोळी झाडतो. त्याने शस्त्र आपल्यावर किंवा ओलिसावर रोखलं तरच गोळी चालवायची परवानगी. शरण आला की बेड्या घालायच्या, त्याचं शस्त्र उचलून जमा करायचं आणि रेडिओवर वरच्या लोकांना कळवायचं. कळवायला विसरलात तर मार्क कापले जातात. (आपल्या जर्नलवर सह्या घ्यायला विसरलं की जे होतं, तेच.) संशयित जिवंत पकडला तर तो मेल्यापेक्षा जास्त मार्क. 'इझी' पातळीला पासिंगची अट नाही, 'नॉर्मल'ला ५०, 'हार्ड'ला ७५ आणि 'एलिट'ला चक्क ९५.

म्हणजे आम्ही त्या रात्री पेपर दुसऱ्याच विषयाचा लिहून आलो होतो.

हा गेम आला एप्रिल २००५ मध्ये. बनवला इरॅशनल गेम्स या कंपनीने, जिने १९९९ मध्ये लुकिंग ग्लास स्टुडिओज बरोबर 'सिस्टिम शॉक २' केला होता आणि पुढे २००७ मध्ये 'बायोशॉक' करून मोठं नाव कमावलं. त्यामुळे समीक्षकांच्या अपेक्षा आधीच वर होत्या. आणि एकंदरीत त्या पुऱ्या झाल्या. मेटाक्रिटिक ही साइट निरनिराळ्या समीक्षांचे गुण एकत्र करून एक आकडा देते. तिथे स्वॅट ४ ला १०० पैकी ८५ आहेत.

इथे जरा थांबतो, कारण आपल्यातले नव्वद टक्के लोक हा आकडा बघूनच गेम डाउनलोड करायचा की नाही ते ठरवतात. ही साधी सरासरी नाही, वेटेड अ‍ॅव्हरेज आहे. कोणत्या समीक्षकाला किती वजन दिलंय हे ती साइट जाहीर करत नाही. शिवाय गेमच्या जगात मार्क देण्याची पद्धत आपल्या टर्मवर्कसारखी आहे. पंचवीसपैकी सतराच्या खाली सहसा कोणाला मिळत नाहीत, त्यामुळे सतरा म्हणजे खरं तर वाईट. ८५ हा आकडा एवढंच सांगतो की बहुतेकांना गेम आवडला. का आवडला हे त्यात नाही. सिग्नल आणि नॉइज वेगळे करायचे तर मूळ मजकूर वाचण्याला पर्याय नाही.

मूळ मजकूर वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. समीक्षकांनी ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक केलं ती गोष्ट म्हणजे ताण. गोळीबार नव्हे, गोळीबाराच्या आधीचा वेळ. दार बंद आहे, पलीकडे कोणीतरी पुटपुटतंय, आपले लोक भिंतीला चिकटून उभे आहेत आणि हुकूम आपण द्यायचाय. दुसऱ्या गेममध्ये दार म्हणजे नुसता अडथळा, इथे दार हाच प्रसंग. त्यातून माणसांच्या जागा दर खेपेला बदलतात. काल ज्या खोलीत ओलीस होता तिथे आज बंदूकवाला असू शकतो. पाठांतर करून पास होता येत नाही. पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो याचं श्रेय समीक्षकांनी या बदलत्या जागांना दिलं.

दुसरं कौतुक जागांचं. 'फेअरफॅक्स' नावाचं मिशन आहे, त्याचा उल्लेख समीक्षकांपासून जुन्या खेळाडूंपर्यंत सगळे करतात. एक साधं घर. माणसं पळवून मारणारा एक जण तिथे आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहतो आणि एक बाई बहुधा अजून जिवंत कोंडलेली आहे, एवढीच माहिती मिळते. वरच्या खोल्या कोंदट, सामानाने भरलेल्या. मग आपण तळघरात उतरतो आणि भिंतीवर प्लास्टरचे मानवी चेहरे लावलेले दिसतात. कोणी काही समजावून सांगत नाही. ते चेहरे कोणाचे हे आपलं आपल्यालाच कळतं.

आता गंमत बघा. या मिशनमध्ये गुन्हेगार एकच आहे. एक! ज्या गेमला लोक 'शूटर' म्हणतात त्यातल्या सर्वांत गाजलेल्या मिशनमध्ये एकही गोळी न झाडता काम होऊ शकतं. माझ्या रूममेटच्या तक्रारीला याहून चांगलं उत्तर कुठल्याच समीक्षेत सापडणार नाही. दुसरं असंच मिशन एका धार्मिक पंथाच्या ताब्यातल्या चाळवजा इमारतीचं. तिथल्या तळघरात काय आहे ते इथे लिहीत नाही, खेळणाऱ्यांनी स्वतः बघावं आणि रात्री एकट्याने बघू नये.

तक्रारीही होत्या, आणि त्या वाचणं जास्त शिकवणारं. हाताखालचे लोक कधीकधी दारातच अडकून बसतात, आपल्याच वाटेत येतात. मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही, त्यामुळे अर्ध्या तासाच्या मेहनतीवर शेवटच्या खोलीत पाणी. मिशनं तेरा, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, सलग गोष्ट नाही. २००४ मध्ये 'डूम ३' आणि 'हाफ-लाइफ २' येऊन गेले होते, त्यामुळे चित्रांकडे बघून कोणी फार हरखलं नाही. आधीच्या 'स्वॅट ३' चे भक्त तर आजही सांगतात की १९९९ च्या त्या गेममधले सहकारी जास्त शहाणे होते.

सलग गोष्ट नाही ही तक्रार मला पटत नाही. पोलिसाला बोलावणं येतं तेव्हा गोष्टीचा शेवटचा तुकडाच त्याच्या वाट्याला येतो, आधीचा भाग घरातल्या वस्तूंवरून ओळखायचा. गेमने तेच केलंय. पण सेव्हच्या बाबतीत मी समीक्षकांच्या बाजूने आहे. मेसची वेळ पाळायची असते हो माणसाला.

एक तक्रार मात्र पहिल्या समीक्षांमध्ये असणं शक्यच नव्हतं, कारण ती वस्तू तेव्हा गेममध्ये नव्हतीच. नंतरच्या पॅचबरोबर मॅसिव्ह नावाच्या कंपनीच्या जाहिराती आल्या. गेममधल्या भिंतींवरची पोस्टरं इंटरनेटवरून बदलू लागली. पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये, ओलीस सोडवत असताना, खऱ्या जगातल्या जाहिराती! खेळाडू वैतागले. ही कंपनी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली आणि २०१० मध्ये बंदही झाली. मुद्दा असा, की सॉफ्टवेअरचं परीक्षण एका व्हर्जनचं असतं. पुस्तक छापलं की ते बदलत नाही, गेम बदलतो. म्हणून परीक्षणावरची तारीख आधी बघायची.

तारीख बघायचं याहून मोठं एक कारण आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

स्वॅट ही मालिका सिएरा कंपनीच्या 'पोलिस क्वेस्ट' मधून निघाली. पहिला पोलिस क्वेस्ट १९८७ चा, तो रचणारे जिम वॉल्स कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसात नोकरी केलेले. पुढे १९९३ च्या भागापासून सिएराने नाव जोडलं ते डॅरिल गेट्स यांचं. हे लॉस एंजेलिसचे माजी पोलिसप्रमुख, १९७८ ते १९९२. तिथलं मूळ स्वॅट पथक १९६० च्या दशकात उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता. आणि त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९९१ मध्ये, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारहाण केल्याची व्हिडिओ टेप बाहेर आली. २९ एप्रिल १९९२ ला त्या पोलिसांची सुटका झाली, शहर पेटलं आणि दोन महिन्यांच्या आत गेट्स पायउतार झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांचं नाव गेमच्या खोक्यावर.

१९९५ चा 'पोलिस क्वेस्ट: स्वॅट' खऱ्या नटांचं चित्रण वापरून केलेला, चार सीडींचा. समीक्षकांना तो कंटाळवाणा वाटला: प्रशिक्षणच फार, कृती कमी. पण खपला चांगला. १९९८ चा दुसरा भाग वरून बघून पथकं हलवण्याचा. १९९९ मध्ये 'स्वॅट ३' ने पहिल्यांदा आपल्याला पोलिसाच्या डोळ्यांतून बघायला लावलं आणि समीक्षकांनी मालिका डोक्यावर घेतली.

या सगळ्या काळात समीक्षा मुख्यतः यंत्राची होत होती. सहकारी नीट वागतात का, आवाज कसा आहे, तुलना 'रेनबो सिक्स'शी किती जमते. २००५ मध्ये कोणी स्वॅट ४ ला 'पोलिसांबद्दलचं विधान' म्हणून फारसं वाचलं नाही. संयमाची स्तुती झाली, पण ती खेळाची युक्ती म्हणून. २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि नंतर अमेरिकेतल्या गेम-समीक्षेत प्रश्नच बदलला: पोलिसाची भूमिका देणारा गेम आपल्याला पोलिसांबद्दल काय पटवून देतो?

हा प्रश्न पूर्ण ताकदीने अंगावर आला तो 'रेडी ऑर नॉट' या गेमच्या. स्वॅट ४ ची गादी चालवणारा म्हणून सगळ्यांनी त्याची वाट बघितलेली. व्हॉइड इंटरअ‍ॅक्टिव्हने तो डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवट अवस्थेत खुला केला आणि काही दिवसांतच प्रकाशक टीम१७ बाजूला झाला. त्याच सुमाराला शाळेतल्या गोळीबाराचं मिशन असणार, यावरून गदारोळ चालू होता. पूर्ण गेम डिसेंबर २०२३ ला आला, कॉलेजातल्या गोळीबाराच्या मिशनसकट. समीक्षकांनी आवाज आणि ताण यांचं कौतुक केलं, पण असे विषय हा गेम समजून घेतो की नुसते धक्क्यासाठी वापरतो यावर मतं फाटली. जुलै २०२५ मध्ये तो कन्सोलवर गेला तेव्हा काही दृश्यं सौम्य केली गेली, तर उलट बाजूने, पीसीवरचे खेळाडू भडकले. त्यातही मार्कांऐवजी ग्रेड आहेत, आणि सर्वांना जिवंत पकडलं तरच सर्वोच्च ग्रेड. शिवाय आपल्या हाताखालच्या पोलिसांवर मानसिक ताण येतो आणि त्यांना समुपदेशनाला पाठवावं लागतं. ही भर मला स्वॅट ४ पेक्षा पुढची वाटते.

आता माझं स्वतःचं मत, कारण सरांनी परीक्षण मागितलंय, माहिती नव्हे.

मला वाटतं गेमचं म्हणणं त्याच्या मार्कशीटमध्ये असतं. कटसीनमध्ये काय बोलतात ते सोडा. कशाला अधिक मिळतात, कशाला वजा होतात आणि कशाला काहीच होत नाही, हे तीन रकाने काढा. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑब्जेक्टिव्ह फंक्शन लिहा. काउंटर-स्ट्राइकमध्ये माणूस मारला की पैसे मिळतात. स्वॅट ४ मध्ये चुकीच्या क्षणी मारला की मार्क जातात. बंदूक तीच, दार तेच, पण चिन्ह उलटं. एवढ्याशा बदलाने आमच्या चौघांचे हात त्या रात्री अवघडले. आपण ज्या वातावरणात वाढलो तिथे 'एन्काउंटर' हा शब्द कौतुकाने घेतला जातो. २००४ मध्ये 'अब तक छप्पन' नावाचा सिनेमा आला, त्याच्या नावातच आकडा आहे. मुंबईतल्या चकमकींवरून सुरू झालेल्या 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा कलमी कार्यपद्धती घालून दिली: चकमकीत मृत्यू झाला तर एफआयआर नोंदवा, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, वगैरे. म्हणजे प्रत्येक गोळीचा हिशेब द्या. ते वाचताना मला त्या मार्कशीटची आठवण झाली हे खरं आहे.

पण तिसरा रकाना? ज्याला काहीच होत नाही तो? स्वॅट ४ मध्ये ओलिसांनाही बेड्या घालाव्या लागतात, आणि घाबरलेला ओलीस ऐकत नसेल तर त्याच्यावर फवारा मारा, टेसर चालवा, सहसा मार्क जात नाहीत. म्हणून जुने खेळाडू फेअरफॅक्सच्या घरातल्या म्हातारीला टेसर मारण्याचे विनोद करतात. मीही हसलो होतो. मग लक्षात आलं की हा बग नाही, डिझाइनमधलं गृहीतक आहे: मरत नाही ना, मग चालतं. गोळीचा हिशेब काटेकोर, बाकी बळाचा हिशेब सैल. बहुतेक समीक्षांमध्ये बिनजीवघेण्या शस्त्रांची स्तुती आहे, हा प्रश्न मात्र मला क्वचित दिसला. ८५ मधले माझे पाच मार्क मी इथे कापेन. तरीही, या जातीचा याहून चांगला गेम मी खेळलेलो नाही.

इरॅशनलच्या हातून ही मालिका २००६ च्या 'स्टेचकोव्ह सिंडिकेट' या जोडभागानंतर सुटली. २००७ मध्ये पीएसपीवर एक भाग आला आणि मालिका थांबली. २०१७ मध्ये जीओजीवर स्वॅट ४ पुन्हा विकायला आला, आणि चाहत्यांनी केलेला 'एलिट फोर्स' हा मॉड त्याला अजून जिवंत ठेवतो. तुमच्या विंगमध्ये कोणाकडे असेल तर एकदा चौघांनी मिळून खेळा. हेडफोन लावून, आणि दारांशी घाई न करता.

मागच्या शुक्रवारी आम्ही फेअरफॅक्स खेळलो. 'फालतू' म्हणणारा रूममेट सगळ्यात पुढे होता. म्हातारी खोलीत उभी, हात वर करेना. मागून आम्ही तिघे ओरडतोय, "टेसर मार ना, मार्क जात नाहीत!" हा पठ्ठ्या तसाच उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा ओरडून सांगत बसला. सात वेळा. आठव्यांदा ती गुडघ्यांवर बसली. त्याने बेड्या घातल्या, रेडिओवर कळवलं आणि आम्ही जिन्याकडे वळलो. शेवटी मार्कशीट आली तेव्हा त्या सात वेळांचे काही वेगळे मार्क त्यात नव्हते. त्याने दोनदा वरपासून खालपर्यंत शोधून बघितले.